मनाची उन्हाळवाही: नोकरी, वावर आणि घर सांभाळताना उभारी कशी धरायची

माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, धानाच्या पट्ट्यातलं. सासर यवतमाळकडचं, कापसाच्या काळ्या मातीतलं. लग्न होऊन आले त्या एप्रिलात सासरे भर उन्हात रिकामं वावर नांगरून घेत होते. मला हसू आलं. पेरणीला दोन महिने अवकाश, आभाळात ढगाचा पत्ता नाही, आणि हा माणूस घाम कशाला गाळतोय? ते म्हणाले, "उन्हाळवाही हाय पोरी. आता ढेकूळ तापलं त मृगाचं पाणी मुरते. अळीचे कोष उघडे पडते, पाखरं वेचून खाते. पाऊस आल्यावर नांगर घेऊन पळते त्याचं पीक पाहून घेजो."

मनाच्या बाबतीत आपण सगळे पाऊस आल्यावर नांगर घेऊन पळणारे. पीक गेलं, बदली झाली, सासूशी कडाक्याचं वाजलं, साहेबानं चारचौघांत झापलं की मग मन सावरायचं कसं ते शोधतो. तोवर जमीन चिखल झालेली असते.

मी आशांची गटप्रवर्तक आहे. वीसेक आशाताईंचं काम पाहते, गाडीवर गावं फिरते, आणि घरी पाच एकर वावर, दोन म्हशी, सासू-सासरे, नवरा, दोन पोरं. डॉक्टर नाही. जे प्रशिक्षणात शिकले, जे गावागावांत पाहिलं आणि जे स्वतःवर करून पाहिलं, तेवढंच इथं सांगते. ज्यांनी या विषयाला कधी हात लावला नाही त्यांच्यासाठी हे आहे: नवीन आशाताई, पहिल्या नेमणुकीवर खेड्यात आलेले गुरुजी किंवा कृषी सहायक, बापाच्या माघारी अचानक वावर अंगावर पडलेला पोरगा, परक्या गावात नांदायला आलेली सून.

सुरू करण्याआधी: "मन घट्ट कर" हे विसरा

मयतीत, दवाखान्यात, पंचनाम्याच्या वेळी, सगळीकडे एकच सल्ला: "मन घट्ट कर." घट्ट केलेलं मन मी बरंच पाहिलंय. ते बोलत नाही, रडत नाही, आणि एक दिवस कुणाला कळायच्या आत तुटतं.

पुस्तकात याला लवचीकता म्हणतात. शब्द बरोबर असेल, पण आमच्याकडे बोलताना वापरतात तो शब्द मला जास्त आवडतो: उभारी. पावसानं वीस दिवस दडी मारली की दुपारी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माना टाकते. नवखा माणूस म्हणतो, गेलं पीक. जाणता सकाळी येऊन पाहतो. सकाळी ती उभी असेल तर मुळाशी अजून ओल आहे. दुपारी मान टाकणं हा झाडाचा दोष नाही. भर उन्हात पाण्याचा खर्च वाचवायची ती त्याची रीत आहे. माणसानंही दुपारी मान टाकावी. पाहायचं ते एवढंच की सकाळी उभं राहता येतं का, आणि येत नसेल तर ओल कुठं कमी पडली.

ही ओल येते कुठून? हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोघींनी कित्येक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, आईबापांचं भांडण, दारू, आजार अशा घरांत वाढलेल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा पुढे चांगला उभा राहिला. त्या मुलांच्या आयुष्यात सारखी सापडलेली एक गोष्ट म्हणजे एकतरी भरवशाचं मोठं माणूस. कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारीण. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातली अशी तीन-चार घरं लगेच आठवली. तुम्हालाही आठवतील. म्हणजे उभारी जन्मजात छातीत घेऊन यायची गोष्ट नव्हे, ती बाहेरून मुरत जाते.

पायरी १: एक वही घ्या आणि जे होतंय त्याला नाव द्या

आमच्याकडे कुणी "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. म्हणतात, डोकं जड वाटते. हातपाय गळून जाते. जेवण गोड लागत नाही. कामात जीव लागत नाही. रातभर निजच येत नाही. पुरुष तर आणखी वेगळं सांगतात: अॅसिडिटी, कंबर, छातीत धडधड. आरोग्य केंद्रात सलाइन लावून घेतात, दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच.

पंधरा दिवस रोज झोपताना वहीत तीनच ओळी लिहा. आज शरीराला काय झालं. त्याआधी काय घडलं होतं. मनात नेमकं काय होतं: राग, भीती, लाज, दुःख, की नुसता थकवा. "टेन्शन" हा शब्द वहीत बंद. टेन्शन म्हणजे पोतं आहे, त्यात काहीही भरता येतं. हप्त्याची भीती वेगळी आणि भावानं वाटणीत फसवल्याचा राग वेगळा. दोन्हीवर इलाज वेगळे.

लिहिता येत नसेल तर बोला. माझ्या एका आशाताईची सासू मोबाइलवर स्वतःचाच आवाज भरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकते. मला ती कल्पना फार आवडली.

माहेरी पोळ्याला दाराशी पळसाच्या मेढी, म्हणजे फांद्या, लावतात. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्या उपटून शिवेबाहेर नेऊन टाकायच्या आणि ओरडायचं, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" त्यात खोकला, माशा, मोडशी, सगळ्यांची नावं घ्यायची. लहानपणी तो नुसता दंगा वाटायचा. आता वाटतं, नाव घेतल्याशिवाय शिवेबाहेर काही नेता येत नाही हे म्हाताऱ्यांना ठाऊक असावं. भावनेला नेमकं नाव दिलं की तिचा जोर काहीसा ओसरतो, हे मेंदूच्या तपासण्या करणाऱ्यांनाही दिसलेलं आहे.

पायरी २: झोप आणि श्वास

हे थोडक्यात, कारण सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही.

रब्बीत शेतीपंपाची लाईन रात्री असली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस दोन वाजता वावरात. आठवडाभर हे झालं की घरात भांडणं वाढतात. मी माझ्याच वहीत पाहिलं: आमची मोठी भांडणं रात्रीच्या लाईनच्या आठवड्यातच झालेली. तेव्हापासून नियम केला. रात्रपाळीच्या आठवड्यात पैशाचा, जमिनीचा, लग्नाचा कोणताही मोठा निर्णय नाही. दुपारी जेवणानंतर वीस-तीस मिनिटं आडवं व्हायचं, पण तीनच्या आत. उशिरा झोपलं तर रात्र बिघडते. उठायची वेळ शक्यतो ठरलेली ठेवायची. संध्याकाळनंतर चहा कमी. खर्रा सोडा म्हटलं तर कुणी सोडत नाही, हे मला माहीत आहे. निदान झोपायच्या आधी दोन तास नको, कारण तंबाखू झोप उडवते. आणि झोप लागावी म्हणून दारू घेणाऱ्यानं एक ओळखावं की दारूनं डोळा लागतो लवकर, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते.

श्वास असा: चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. बाहेरचा श्वास लांबला की छातीची धडधड उतरते, कारण हृदयाचा वेग कमी करणारी मज्जातंतूंची यंत्रणा तेव्हा जास्त काम करते. बस थांब्यावर, बँकेच्या रांगेत, मीटिंगमध्ये नाव पुकारलं जायच्या आधी, कुठंही होतं, कुणाला दिसत नाही. पण सवय बऱ्या दिवसांत लावा. भांडण पेटल्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर हसू येईल.

पायरी ३: दोन ढीग करा

माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग या पायरीचा होतो, म्हणून इथं जरा थांबते.

एका ऑक्टोबरात आमचं सोयाबीन कापून ढीग लावलेला असताना चार दिवस पाऊस झाला. शेंगांना कोंब फुटले. त्याच महिन्यात माझा मोबदला अडकलेला, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता, मुलीच्या क्लासची फी. नवरा ओट्यावर बसून असायचा. जेवायला बोलावलं की "हो" म्हणायचा आणि उठायचा नाही. मी रात्री पडल्या पडल्या एकच हिशोब करायची, पाच वेळा, सात वेळा, आणि दर वेळी उत्तर तेच.

मग एका रात्री वहीच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे जे आपल्या हातात नाही ते. उजवीकडे जे आहे ते, मग कितीही लहान असो. डावीकडे आलं: पाऊस, सोयाबीनचा भाव, मोबदला कधी जमा होईल, शेजारी काय म्हणतील. उजवीकडे: भिजलेलं सोयाबीन पसरून वाळवणं आणि चांगलं-खराब वेगळं करणं. गटाच्या बैठकीत हप्त्याची मुदत मागणं, हप्ता चुकायच्या आधी. क्लासवाल्या सरांना फी दोन टप्प्यांत चालेल का विचारणं. पिकाची नोंद सातबाऱ्यावर नीट चढली का ते तलाठ्याकडे पाहणं. एक म्हैस विकायची का, यावर सासऱ्यांशी बोलणं.

उजव्या बाजूची सगळी कामं एकदम करायची नसतात. एक उचलायचं. त्यावर सुचतील तेवढे उपाय लिहायचे, वेडगळ वाटले तरी. त्यातला एक निवडायचा. कोण, कधी, कुणाकडे जाणार ते वारासकट लिहायचं. वार उलटला की काय झालं ते पाहायचं. जमलं नसेल तर दुसरा उपाय. मी पहिल्यांदा क्लासचं काम उचललं, कारण ते सगळ्यात सोपं होतं. सर "हो ताई" म्हणाले. फी काही फार मोठी नव्हती, पण त्या रात्री हिशोब तीनच वेळा केला.

डाव्या ढिगाचं काय करायचं? तिथली काळजी थांबत नाही, पण तिला वेळ नेमून देता येते. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर पंधरा मिनिटं, फक्त काळजीसाठी. दिवसभरात मनात आली की म्हणायचं, "तुझी वेळ सात वाजता." ऐकायला पोरखेळ वाटतो. काळजीनं झोप उडालेल्यांसाठी मानसोपचारात हा उपाय बऱ्याच वर्षांपासून वापरतात. सात वाजता बसल्यावर कित्येकदा काय काळजी करायची तेच आठवत नाही.

आणि एक धोक्याची सूचना. जे उजवीकडे आहे ते डावीकडे ढकलू नका. "आपल्या नशिबातच आहे" म्हणत कित्येक बाया जी गोष्ट बदलता येते तीही सोसत राहतात. आमचा मोबदला हा श्वास मोजून सुटणारा प्रश्न नव्हता. म्हणून २०२३ मध्ये राज्यभर आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या तेव्हा मीही गेले. घरात मारहाण होत असेल तर ती सहनशक्ती वाढवायची जागा नाहीच. महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. उभारी धरायची ती उठून फोन करण्यासाठी.

पायरी ४: कामाच्या ठिकाणी

नव्या माणसाला पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त काय खातं? काम नव्हे, एकाच वेळी आलेली चार कामं. सर्वेक्षण आजच पाहिजे, ऑनलाइन नोंद आजच, लसीकरणाचं सत्र आजच, आणि रात्री दहाला ग्रुपवर मेसेज: "तातडीनं माहिती पाठवा." नाही म्हणायची हिंमत नसते, आणि खरं सांगायचं तर सोयही नसते.

मग नाही म्हणू नका. यादी पुढं ठेवा. "साहेब, ही चार कामं आजची आहेत. यातलं पहिलं कोणतं देऊ?" निवडायचं काम त्यांच्याकडे जातं. पहिल्यांदा ते चिडतील. तिसऱ्यांदा सांगतील. रात्रीच्या मेसेजला माझं ठरलेलं उत्तर आहे: "पाहिलं. उद्या सकाळी दहापर्यंत देते." आणि दहाला देतेच. हे दुसरं वाक्य पाळलं नाही तर पहिल्याला किंमत राहत नाही.

बोलणी खाल्ल्यावर काय करायचं, हा दुसरा प्रश्न. माझी एक नवी आशाताई मासिक बैठकीत चार नोंदी राहिल्या म्हणून सर्वांसमोर बोलणी खाऊन आली आणि म्हणाली, "ताई, मले काहीच जमत नाही. सोडून देते." मी तिचं रजिस्टर मागितलं. चौसष्ट घरांच्या नोंदी होत्या, साठ पूर्ण. म्हटलं, तुझ्याच हातचा कागद काय म्हणतो ते वाच. ती बराच वेळ पानं चाळत बसली. "काहीच" आणि "चार" यांत फरक आहे. मन दुखावलं की वकिलासारखं एकाच बाजूचे पुरावे गोळा करतं: मागच्या वर्षीची चूक, लहानपणी गुरुजींनी मारलेली छडी, सगळं. दुसऱ्या बाजूचा कागद आपणच काढून दाखवावा लागतो. चार नोंदी राहिल्या हे खरं होतं, ते तिनं पुढच्या आठवड्यात पूर्ण केलं. बोलण्याची पद्धत चुकीची होती हेही खरं होतं, आणि ते तसं म्हणायला हरकत नाही.

परगावाहून नोकरीला आलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. खोली, शाळा, खोली असं पहिले सहा महिने काढू नका. कोणत्यातरी घरी महिन्यातून दोनदा जेवायला जा. पोळ्याला बैलांच्या रांगेजवळ उभे राहा. बरीच गावं अशी आहेत जिथं संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होते. देवावर विश्वास असो-नसो, तिथं बसलं की वीस माणसं नावानं ओळखू लागतात. खेड्यात गप्पा फार, उचापती फार, हे मान्य. पण आजारी पडल्यावर डबा घेऊन येणारेही तेच.

घरी पोचायच्या आधी माझी गाडी नाल्याच्या पुलावर थांबते. पाच मिनिटं. तिथं मी हेल्मेट काढते, पाणी पिते, दिवसाचं काम मनातल्या मनात बंद करते. सुरुवातीला लोक विचारायचे, "गाडी बिघडली का ताई?" आता विचारत नाहीत.

पायरी ५: घरात

घरात उभारी टिकते की ढासळते हे बहुतेक वेळा बोलण्याच्या वेळेवर ठरतं. वावरातून आल्यापासून ताटावरून उठेपर्यंतचा वेळ कोणत्याही गंभीर विषयाला वाईट. उपाशी, घामेजलेला, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांतून आलेला माणूस नीट उत्तर देत नाही, मग तो कितीही चांगला असो. आम्ही रविवारी सकाळी चहाच्या वेळी पैशाचं बोलतो. त्या वेळेस वही मधे असते, त्यामुळे एकमेकांकडे कमी आणि वहीकडे जास्त पाहिलं जातं.

कर्ज घरच्यांपासून लपवू नका. कितीतरी घरांत बाईला सावकाराचा आकडा कळतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. तो लपवतो लाजेपोटी, तिला त्रास नको म्हणून. आणि तिला मात्र त्याचं गप्प राहणं दिसत असतं, कारण दिसत नसतं. सगळी देणी एका पानावर लिहा: बँक, सोसायटी, कृषी केंद्राची उधारी, नातेवाईक, सावकार. कुणाचं किती, व्याज किती, कधी द्यायचं. पान भरायला भीती वाटते. भरल्यावर मात्र अंधारात चाचपडणं संपतं, आणि कोणतं आधी फेडायचं हे दोघांना दिसतं.

भांडताना "तू नेहमीच" आणि "तुझ्या घरचे" हे दोन शब्दप्रयोग टाळले तर निम्मं भांडण होतच नाही. आरोप करण्याऐवजी मागणं करा. "तुम्ही घरात लक्षच देत नाही" यावर कुणी काय उत्तर देणार? "गुरुवारी माझी बैठक आहे, त्या दिवशी पोराला शाळेतून तुम्ही आणा" यावर हो किंवा नाही म्हणता येतं. आवाज चढला तर उठून जायला हरकत नाही, म्हशीला चारा टाका, पाणी भरून या. पण जाताना सांगून जा: "अर्ध्या तासात येते, मग बोलू." न सांगता निघून गेलेल्या माणसाची वाट पाहणं हे भांडणापेक्षा वाईट.

सासू-सुनेवर मी काही सल्ला देणार नाही. माझ्या सासूबाई हे नातवंडांकडून वाचून घेतात.

मुलांना किती सांगायचं? पीक गेलं हे त्यांना तसंही कळतं. त्यांना एवढं सांगा की यंदा पैसा कमी आहे, कपडे दिवाळीला नाही घेता येणार, पण शाळा सुरू राहील, आणि हे तुमच्यामुळे झालेलं नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. लहान पोरं घरातल्या उदासीचं कारण स्वतःला समजतात. आकडे, सावकाराची धमकी, आईबापांची आपसातली उणीदुणी त्यांच्या कानावर घालू नका. अकरा वर्षांच्या मुलीला आईची मैत्रीण बनवलेलं मी पाहिलंय; मुलगी शहाणी दिसते, पण रात्री दात खाते.

पायरी ६: तीन नावं लिहा

वहीच्या मागच्या पानावर तीन नावं. एक, ज्याच्यासमोर रडता येतं. दोन, ज्याला कामाचा सल्ला विचारता येतो. तीन, जो रात्री दोन वाजता गाडी काढून येईल. एकच माणूस तिन्ही जागी चालत नाही. त्याचीही दमछाक होते. जागा रिकामी राहिली तर घाबरू नका, ती भरायला एक वर्ष द्या. मी भंडाऱ्याहून आले तेव्हा माझ्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या. पहिली बचत गटात सापडली, पापड लाटताना.

आणि तुमचंही नाव कुणाच्यातरी पानावर असेल. तेव्हा एवढं करा: ऐका. सल्ला देऊ नका, "माझ्यावेळी तर" सांगू नका, व्हॉट्सअॅपवरचं सूर्योदयाचं चित्र आणि सुविचार तर मुळीच पाठवू नका. "मग काय झालं?" एवढा एक प्रश्न पुष्कळ पुरतो.

पायरी ७: वही पुरत नाही तेव्हा

सलग दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास, आवडीच्या गोष्टीतही रस नाही, झोप-भूक बिघडलेली, काम होत नाही, स्वतःचा तिटकारा वाटतो: असं असेल तर हा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात सांगा, जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. प्रवास जमत नसेल तर टेलि-मानस, १४४१६. मन मोकळं करायला आणि सल्ला घ्यायला केंद्र सरकारची ही फोनवरची सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नसतात. देवऋषाकडे जायचं म्हणणाऱ्यांशी मी आता भांडत नाही. म्हणते, नारळ फोडून ये, पण गोळी खाऊन जा.

गावातल्याच माणसांना हे काम करता येतं याचा पुरावा विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. त्याआधी नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण मदत घेत होते. प्रकल्पानंतर ते सत्तावीसवर गेले. शेतकरी कुटुंबांसाठी राज्य सरकारच्या 'प्रेरणा प्रकल्पा'तही घरोघरी जाऊन विचारपूस करायचं काम आशाताईंकडेच आलं.

आता अवघड भाग. कुणी म्हणालं, "माझ्यामागं तुमचं बरं होईल", किंवा अचानक सगळ्यांची देणीघेणी मिटवू लागलं, जपलेल्या वस्तू वाटू लागलं, किंवा फार दिवसांच्या घालमेलीनंतर एकदम शांत झालं, तर सरळ विचारा: "जीव द्यायचं मनात येते का?" विचारल्यानं तसा विचार डोक्यात येतो हा समज चुकीचा आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. हो म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून आणि वावरातल्या झोपडीतून हलवा. १४४१६ ला त्याच्याजवळ बसून फोन लावा, किंवा १०८ बोलावून दवाखान्यात न्या.

औषध हलवायला सांगते त्यामागं कारण आहे. तो क्षण लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळेस हाताशी काही नसेल तर माणूस बहुधा वाचतो. श्रीलंकेनं १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्याहून खाली आला. आपण बंदी आणू शकत नाही, पण कुलूप आणू शकतो. लोखंडी पेटी, घरापासून दूर, किल्ली दुसऱ्याकडे. लागेल तेवढंच औषध आणायचं, उरलेलं साठवायचं नाही. हे औषध किती जहाल असतं ते यवतमाळला २०१७ च्या हंगामात फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली तेव्हा आम्ही जवळून पाहिलंय.

प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला घरचे पोलिसांच्या भीतीनं दवाखान्यात खोटं कारण सांगतात, आणि मग उपचार चुकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नसते. डॉक्टरांना खरं सांगा.

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर मी १४४१६ खडूनं लिहिला होता, पेटीच्या बरोबर वर. पहिल्याच पावसात पुसला. यंदा उन्हाळवाही सुरू असताना ऑइलपेंट आणून नवऱ्यानं तो मोठ्या अक्षरांत लिहिला. सासूबाई मागं उभ्या राहून पाहत होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. म्हणाल्या, "त्याच्या खाली माह्या बहिणीचा नंबर लिही. मले तिथं मोकळं वाटते." मग तोही लिहिला, आणि थोडा रंग उरला म्हणून सासऱ्यांनी बैलांची शिंगं रंगवून घेतली, पोळ्याला चार महिने असताना.